सतरा नंबरच्या बाईची झोप

योरीन नावाच्या एका संशोधक मुलीने पीएच.डी.साठी जे जाडजूड पुस्तक लिहिलं, त्यात फीना क्रूझे हे नाव शोधून सापडणार नाही. तिथे ती आहे 'सहभागी क्रमांक १७, स्त्री, वय ७८, पूर्वीचा व्यवसाय मालवाहतूक'. पासष्ट वर्षं नदीवर काढली बाईने, ती एका शब्दात उरकली. फीनाला दाखवलं असतं तर म्हणाली असती, "सतरा तर सतरा. बोटीलाही नंबरच असतो, म्हणून काय ती बुडते?"

फीना जन्मली ती बोटीवरच. आईला कळा सुरू झाल्या तेव्हा बोट कालव्याच्या दोन दरवाजांच्या मधे अडकली होती, पुढचा दरवाजा उघडेपर्यंत पोरगी बाहेर. शाळा म्हणजे तिच्या लेखी कालवा गोठला की जायची जागा. ज्या वर्षी थंडी कडक त्या वर्षी शिक्षण जास्त. असे एकंदर दोन-अडीच हिवाळे झाले, तेवढ्यात ती लिहायला-वाचायला शिकली आणि भागाकार तसाच राहिला. बाविसाव्या वर्षी हार्म क्रूझेशी लग्न झालं. हार्मची बोट होती 'फोलहार्डिंग', म्हणजे चिकाटी. कोळसा घेऊन जर्मनीकडे वर जायचं, खडी भरून खाली यायचं. एक जण सुकाणूवर, दुसरा झोपलेला, असा त्यांचा संसार. फीना म्हणायची, "आमचं भांडण कधी झालं नाही. दोघं एका वेळी जागे असायचो कधी?"

त्यांना एकच मुलगी, हिल्का. पायावर उभी राहायला लागल्यापासून तिच्या कमरेला दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक सुकाणूच्या खोलीबाहेरच्या कडीला. सगळ्याच बोटींवरची पोरं अशी बांधलेली असतात, त्यात काही वाईट नाही. दोरी एवढीच लांब की पोर कठड्यापर्यंत पोचावं आणि पलीकडे जाऊ नये. सुकाणूवर उभी असताना फीनाला मागे बघावं लागायचं नाही. दोरी हलली की समजायचं, पोरगी आहे.

पण आता फीनाच्या लहानपणासारखं राहिलं नव्हतं. सात वर्षं पूर्ण झाली की बोटीवरच्या पोरांनी जमिनीवरच्या बोर्डिंगात जायचं, हा कायदाही आणि रिवाजही. फीनाने दोरी सोडली, गुंडाळली आणि खणात ठेवली. दोरीची सवय मात्र सुटली नाही. कितीतरी महिने ती सुकाणूवरून मागे वळून त्या रिकाम्या कडीकडे बघायची.

बोर्डिंग होतं वाल नदीच्या बांधाला लागूनच. म्हणून मायलेकींनी एक करार केला. बोट तिथून जाताना फीना एक लांब भोंगा देणार. हिल्का वर्गात असो, जेवत असो, ऐकेल आणि समजेल, आई गेली. आता नदीवर उगाच भोंगा वाजवायला बंदी आहे. हार्म नियमाचा माणूस. तो म्हणायचा, "नदी पोलिसांनी विचारलं कशाला वाजवला, तर काय सांगणार?"

"सांगीन, वळणावर कुत्रं दिसलं."

"पाण्यात?"

"पोहत होतं म्हणीन."

हिल्काचा आठवा वाढदिवस आला बारा फेब्रुवारीला, मंगळवारी. त्या दिवशी 'फोलहार्डिंग' रिकामी खाली येणार होती आणि साधारण अकराला बोर्डिंगवरून जाणार होती. हिल्काने वर्गाला सांगून ठेवलं, माझी आई माझ्यासाठी भोंगा वाजवणार आहे. बाईंनी सगळ्या वर्गाला बांधावर नेलं. कडाक्याची थंडी, लख्ख ऊन, नदी आरशासारखी. हिल्काच्या डोक्यावर वाढदिवसाचा कागदी मुकुट, हातात मुलांना वाटायच्या खाऊचं तबक. बोट आली. बोट गेली. भोंगा वाजला नाही.

फीना खाली झोपली होती. दोन रात्री सलग जागून तिने सुकाणू धरलं होतं, आणि झोपायला जाताना हार्मला बजावलं होतं, "साडेदहाला मला उठव." हार्म साडेदहाला खाली आला, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि पांघरूण नीट करून परत वर गेला. दया आली त्याला. भोंगा त्याने स्वतः वाजवायचा, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. तो करार त्याचा नव्हता.

शुक्रवारी बोटीवर ठेवलेली मोटारगाडी धक्क्यावर उतरवून फीना मुलीला शनिवार-रविवारसाठी आणायला गेली. वाटेत फीनाने तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते वेगळंच. "त्या दिवशी इतकं धुकं होतं ग, कुठे आलोय तेच समजलं नाही."

हिल्काने खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाली, "हो का?"

एवढंच. रडली नाही, रुसली नाही. पण त्या 'हो का'पासून ती आईशी पाहुण्यासारखी वागायला लागली. दार वाजवून आत यायची. कॉफीबरोबर एक बिस्कीट घेतलं की दुसऱ्याला नको म्हणायची. मोठी झाल्यावरही आईच्या वाढदिवसाला न चुकता येणार, तिथल्या रिवाजाप्रमाणे सगळ्या जमलेल्यांचं एकेकाचा हात हातात घेऊन अभिनंदन करणार, गोलात खुर्ची घेऊन बसणार, केकचा तुकडा संपवणार, बशी धुऊन ठेवणार आणि निघणार. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. शिष्टाचार कसा मिटवणार?

पुढे हिल्काला नोकरी लागली ती नदीवरच्या वाहतूक चौकीत. काचेच्या उंच खोलीत बसायचं आणि वायरलेसवर येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींना वाट सांगायची. फीनाला हे कळलं तेव्हा तिने हार्मपासून लपवून डोळे पुसले. त्यानंतरची पंधरा वर्षं, बोट त्या वळणापाशी आली की ती चॅनल चार लावायची आणि गळा साफ करून म्हणायची, "चौकी, इथे फोलहार्डिंग, खडी भरून खाली येतेय."

आणि उत्तर यायचं, "फोलहार्डिंग, चौकी बोलते. समोरून दोन बोटी येतायत, तुम्ही उजवीकडे राहा. शुभ प्रवास."

तुम्ही. वायरलेसवर सगळ्यांनाच तुम्ही म्हणायचं असतं, फीनाला ते ठाऊक होतं. तरी 'शुभ प्रवास' कानावर आलं की ती थोडा वेळ वायरलेस हातातच धरून ठेवायची. हार्म म्हणायचा, "ठेव की आता खाली. मागच्याला बोलू दे."

हार्म गेला, बोट विकली, फीना नदीकाठच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आली. त्या मजल्यावर सगळे म्हातारे बोटवालेच. जमिनीवर येऊनही त्यांना खिडकीतून नदी लागते. शेजारी वुब्बो, चौऱ्याऐंशी वर्षांचा, कान तीक्ष्ण आणि जीभ त्याहून. फीनाने बोटीवरून एकच वस्तू उतरवून आणली होती, ती म्हणजे वायरलेस. तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर, दिवसभर चॅनल चारवर चालू. हिल्काच्या कामाच्या पाळ्या तिला पाठ होत्या. पाळी असेल त्या दिवशी ती बटाटे टेबलाशी बसून सोलायची. बोलणं एकतर्फीच, जमिनीवरच्या माणसाला त्यावर बोलायची परवानगी नाही. ती ऐकायची. सर्दी झाली असेल तर आवाजावरून ओळखायची. मग संध्याकाळी फोन करावा, विचारावं, सर्दी झालीय का, असं मनात यायचं. पण कशी कळली ते सांगावं लागलं असतं. तेरा वर्षं अशी गेली.

मग पोटात दुखायला लागलं, तपासण्या झाल्या आणि डॉक्टर म्हणाले, पसरलाय, वर्षभर धरा, कदाचित कमी. फीना म्हणाली, "बरं." डॉक्टरांना वाटलं बाई धीराची आहे. पण पंधरा दिवसांनी त्यांनी विचारलं झोप कशी आहे, तर समजलं की ती झोपतच नाही. गोळी दिली तर गोळी हातात धरून बसते. मरणाची भीती वाटते का विचारलं तर नाही म्हणाली. झोपेची वाटते, म्हणाली. डॉक्टरांना ते काही उमगलं नाही, त्यांनी तिला योरीनकडे पाठवलं.

योरीन होती एकतीस वर्षांची, शहरातली, सायकलवरून ओलीचिंब होऊन येणारी. तिचं संशोधन असं: ज्यांचं दुखणं बरं होणार नाही आणि ज्यांच्या मनाने त्याची धास्ती घेतलीय, त्यांना एका जातीच्या अळंबीतलं औषध एकदाच द्यायचं आणि दिवसभर त्यांच्याजवळ बसायचं. त्या औषधाने माणसाला डोळे मिटून काय काय दिसतं, आतलं वर येतं, आणि कधी कधी भीती सुटते. सायकेडेलिक म्हणतात त्याला. निम्म्या लोकांना पुरेसं औषध, निम्म्यांना नावापुरतं, आणि कुणाला कुठलं ते रोग्याला माहीत नाही, योरीनलाही नाही. सगळं बंद पाकिटात.

वुब्बोने ऐकलं तेव्हा तो खोकला येईपर्यंत हसला. "लोक मशरूम खाऊन हॉस्पिटलात जातात. तू हॉस्पिटलात जाऊन मशरूम खाणार?"

"तुला कुणी विचारलंय का तरी?"

"मला गरज नाही. मला बिअर पुरते."

औषधाच्या आधी तीन भेटी. योरीन शांतपणे विचारायची आणि फीना शांतपणे टाळायची. योरीन म्हणाली, "त्या दिवशी जे येईल ते येऊ द्यायचं, क्रूझेबाई. धरून ठेवायचं नाही. सोडून द्यायचं."

"सोडून? पोरी, भरलेली बोट आणि सुकाणूवर कुणी नाही, त्याला आमच्यात गुन्हा म्हणतात."

"मी असेन ना जवळ."

"तुला बोट चालवता येते?"

"नाही."

"मग झालं."

तिसऱ्या भेटीत फॉर्म भरायचा होता. औषधाच्या दिवशी संध्याकाळी घरी नेणारं आणि रात्रभर सोबत राहणारं माणूस हवं, तो नियमच होता. फीनाने चष्मा लावला आणि सावकाश लिहिलं. 'नाव: हिल्का क्रूझे. नातं: मुलगी. संपर्क कसा साधावा:' आणि पुढे लिहिलं, 'चॅनल चार.'

योरीनने ते दोनदा वाचलं. "हे टीव्हीचं चॅनल?"

फीनाने कागद परत ओढला, बघितला आणि कान लाल झाले तिचे. अठ्ठावीस वर्षं मुलीशी गाठ पडायची ती तिथेच, हाताने आपोआप तेच लिहिलं होतं. "वायरलेसचं," ती म्हणाली. "फोन नंबर आहे की. संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलंय, सगळ्यांच्या घरी असतं तसं, त्यावर. पाठ नाही मला." मग पेन उचलून सगळी ओळ खोडली. "वुब्बोचं नाव घाल. शेजारी आहे."

"त्यांना गाडी चालवता येते?"

"दोन वर्षांपूर्वी येत होती. मग त्याने गाडी बेकरीत घातली."

"क्रूझेबाई, मुलीला विचारायचं नाही का?"

फीनाने चष्मा काढून पुसला. विचारायला काय लागतं? एक फोन. पण फोन केला की गाडीत शेजारी बसावं लागणार, तास-दीड तास. आणि गाडीत शेजारी बसलं की चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचा तो शुक्रवार. तिला हवं होतं तेही नेमकं हेच. एवढी एक गोष्ट सांगून टाकायची आणि मग मरायला मोकळं व्हायचं. न सांगता झोपेतच मेले तर काय, म्हणून तर झोप नको होती. त्या दिवशी योरीनला तिने हे सांगितलं. सगळं नाही, एवढंच, की मुलीला एकदा एक खोटं सांगितलंय आणि ते परत घ्यायचंय. योरीनने लिहून घेतलं नाही. पेन खाली ठेवलं.

संध्याकाळी फीना संडासात उभी राहून नंबर एका चिठोऱ्यावर उतरवून आली आणि फोन लावला.

"हिल्का, मला एक दिवस हॉस्पिटलातून घरी सोडायला कुणीतरी लागणार आहे. आणि रात्रीही राहावं लागेल. तू कामात असशील तर—"

"कधी?"

"पुढच्या गुरुवारी, चार वाजता."

"पाळी बदलून घेते."

"कशाला ते विचारशील तरी."

"हॉस्पिटल म्हणालीस ना, आई. चार वाजता दारात असेन."

फोन ठेवल्यावर फीनाने वायरलेस लावला. हिल्काची पाळी नव्हती, कुणीतरी पुरुष बोलत होता. तरी ती ऐकत बसली.

औषधाची खोली हॉस्पिटलसारखी दिसू नये म्हणून फार खटपट केलेली होती. पलंगासारखा सोफा, गोधडी, कुंडी, भिंतीवर समुद्राचं चित्र. फीनाने चित्राजवळ जाऊन बघितलं आणि म्हणाली, "ही होडी अशी उभी राहिली तर पाच मिनिटांत उलटेल." सोबतीला योरीन आणि मोठ्या मिशांचा एक नर्स, जो दिवसभरात चार वाक्यं बोलला. छोट्या बशीत कॅप्सूल. गिळली. डोळ्यांवर पट्टी, कानांत गाणी.

एक तास गेला. फीना सोफ्याची कड घट्ट धरून पडली होती.

"काही जाणवतंय?" योरीनने विचारलं.

"बासरीवाला फार वेळ घेतोय."

दोन तास. नर्सने रक्तदाब मोजला. फीनाने पट्टी वर करून योरीनकडे बघितलं. "पोरी, मला नावापुरतं मिळालंय."

"ते कुणालाच सांगता येत नाही."

"मला येतं. आयुष्यभर बोट भरली की रिकामी ते पायांनी ओळखलंय. ही रिकामी आहे."

योरीनचं तोंड जरा उतरलं असेल. चार वर्षांचं काम होतं तिचं, प्रत्येक रोग्यामागे आशा. पण ती म्हणाली, "तरी दिवस आपला आहे. पडून राहा. मी आहे." आणि सोफ्याची कड धरलेला फीनाचा हात तिने हळूच उचलून आपल्या हातात घेतला.

आता बघा, फीनाचा हात धरून कुणी सहा तास बसलेलं, असं कधी झालंच नव्हतं. हार्मचा हात सुकाणूवर, तिचा भांड्यांत. पट्टीमागे रंग नाही, देवदूत नाही, काही नाही. नुसता अंधार, तो तिच्या ओळखीचा. अंधारात एक नदी, ती ओळखीची. लख्ख ऊन. आणि योरीनने मधेच अंगठा हलवला तेव्हा फीनाला आठवली दोरी. दोरी हलली की समजायचं, पोरगी आहे.

"धुकं नव्हतं," फीना म्हणाली.

योरीनने गाणी बंद केली.

"मी झोपले होते. सगळा वर्ग बांधावर उभा, माझी पोर मुकुट घालून, आणि मी खाली घोरतेय. झोपले होते हे सांगायची लाज वाटली मला. झोप ही काय कारणं सांगायची गोष्ट आहे? तुफान होतं, पोलीस होते, काहीतरी मोठं पाहिजे. म्हणून धुकं आणलं. आणि धुकं कुणाला सांगितलं? जी बांधावर उभी राहून ऊन खात होती तिला!" ती हसायला लागली, आणि हसता हसता पट्टी ओली झाली. मिशीवाल्या नर्सने त्या दिवसातलं तिसरं वाक्य उच्चारलं: "रुमाल देऊ?"

तिथून पुढे ती तासभर बोलत राहिली. हार्म, दोरी, रिकामी कडी, चॅनल चार. योरीन ऐकत राहिली. पुढे संशोधन संपल्यावर पाकिटं उघडली तेव्हा सतरा नंबरच्या पाकिटात नावापुरताच डोस निघाला. आणि तरी सतरा नंबरची धास्ती उतरलेली, झोप लागलेली. प्राध्यापक म्हणाले, या बाईने आपलं गणित बिघडवलं. योरीन म्हणाली, बिघडू दे.

दिवस संपताना एक प्रश्नपत्रिका असते. "विश्वाशी एकरूप झाल्यासारखं वाटलं का? शून्य ते पाच."

"शून्य. पण सोफा चांगला होता, तो कुठे लिहायचा?"

चार वाजता हिल्का दारात होती. बावन्न वर्षांची, चौकीचा निळा कोट, केस बांधलेले. योरीनशी हात मिळवला, काय काळजी घ्यायची ते वहीत लिहून घेतलं, आईला गाडीत बसवलं, पट्टा लावला. गाडी बांधावरच्या रस्त्याला लागली. डावीकडे नदी.

फीनाने तोंड उघडलं. बंद केलं. परत उघडलं.

"हिल्का, तुझ्या आठव्या वाढदिवसाला धुकं नव्हतं."

"माहीत आहे, आई. मी बांधावर होते."

"झोपले होते मी. बाबांना उठव म्हणून सांगितलं होतं, त्यांनी उठवलं नाही."

हिल्काची नजर रस्त्यावर. नदीत एक मालबोट वर चालली होती, ती मागे पडली.

"झोपली होतीस?"

"हो."

"एवढंच?"

"एवढंच ग."

"मला वाटलं विसरलीस." हिल्काचा आवाज वायरलेसवरचा नव्हता, फीनाने तो कधी ऐकलाच नव्हता, सात वर्षांच्या आत सोडला तर. "मला वाटलं, बारा तारखेला माझा वाढदिवस आहे हेच विसरलीस, आणि मग धुक्याचं रचून सांगितलंस. मी पोरांना म्हटलं, ती आमची बोट नव्हती, तशीच दुसरी होती. बाजूवर एवढ्या मोठ्या अक्षरांत नाव, आणि सगळ्यांना वाचता येत होतं."

"विसरेन कशी? विसरणार कशी मी?"

"मला काय माहीत? मी आठ वर्षांची होते."

मग हिल्का वळायचं विसरली. जी बाई दिवसाला शंभर बोटींना नेमकी वाट सांगते, ती पुलावरून सरळ पलीकडे गेली आणि गावात दोन फेऱ्या मारून परत आली. फीना काही बोलली नाही. रस्ता चुकलेल्या चालकाला बोलायचं नसतं.

घरी हिल्काने वाटाण्याचं सूप गरम केलं, राईचा पाव कापला. स्वयंपाकघरात टेबलावर वायरलेस चालू होता, तिचा सहकारी कुणाला तरी शुभ प्रवास म्हणत होता. तिने वायरलेसकडे बघितलं, खालच्या बटाट्याच्या टोपलीकडे बघितलं. भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेल्या स्वतःच्या पाळ्या बघितल्या.  सोफ्यावर झोपली आणि सकाळी सहाला कामावर गेली. जाताना म्हणाली, "येते."

फीना त्या एका 'येते'वर पंधरा दिवस जगली. झोप लागायला लागली होती हे खरं, गोळीशिवाय, दुपारचीसुद्धा. आयुष्यात पहिल्यांदा ती भर दिवसा झोपायची. पण जागी असली की वायरलेसशी. सांगून झालं होतं, मग आता काय राहिलं? तेच तर कळत नव्हतं. चॅनल चारवर तोच आवाज, तेच तुम्ही. तिला वाटायचं, सांगितलं म्हणजे काहीतरी परत मिळेल. ती सात वर्षांची पोर, ते शुक्रवार, सगळं. ते कुठून मिळणार? ते नदीबरोबर कधीच समुद्राला गेलं.

आणि एका मंगळवारी दुपारी वुब्बो आपल्या खोलीत वायरलेस ऐकत बसला होता, तर चौकीचा आवाज आला. "आल्बर्टिना, चौकी बोलते." 'आल्बर्टिना' म्हणजे जुनी 'फोलहार्डिंग'च, नव्या मालकाने नाव बदललं होतं. "पुढच्या वळणावर, डाव्या काठाला पिवळी इमारत दिसेल. तिच्यासमोर एक लांब भोंगा द्या."

बोटवाला चक्रावला. "कारण काय, चौकी? पुढे काही आहे का?"

"पाण्यात काही नाही. तिसऱ्या मजल्यावर आहे."

वुब्बो काठी घेऊन उठला आणि मधल्या भिंतीवर बडवायला लागला. "फीने! ए फीने! तुझी बोट!" मग बाहेर येऊन तिचं दार उघडलं. फीना टेबलाशी, वायरलेससमोर, अर्धा सोललेला बटाटा हातात, मान छातीवर टाकून गाढ झोपलेली. त्याने खांद्याला लावायला हात पुढे केला आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. सगळ्या सुरकुत्या ढिल्या पडल्या होत्या. त्याचा हात तिथेच थांबला. खिडकीबाहेर भोंगा वाजला, लांबच लांब, कपाटातले पेले थरथरले. फीनाची पापणी हलली नाही.

दहा मिनिटांनी फोन वाजला, त्याने मात्र ती जागी झाली. समोर वुब्बो उभा, तोंड पाडून.

"आई?" हिल्का म्हणाली. श्वास लागल्यासारखा आवाज. "ऐकलंस?"

"काय?"

फीनाने वुब्बोकडे बघितलं. वुब्बोने खिडकी दाखवली, नदी दाखवली, दोन्ही हात तोंडाशी नेऊन गाल फुगवले. फीनाला समजलं.  वुब्बो जोरजोरात मान हलवत होता, हो म्हण, हो म्हण, तोंडाने आवाज न करता सांगत होता.

फीनाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नाही ग," ती म्हणाली. "झोपले होते."

पलीकडून  एक आवाज आला, आधी तिला तो रडण्याचा वाटला. हिल्का हसत होती. त्या काचेच्या खोलीत, कामाच्या वेळात, सगळ्यांसमोर, पोट धरून हसत असावी. तिचा सहकारी मागून विचारत होता, काय झालं, काय झालं?

"आई," तिला धड बोलता येत नव्हतं, "आई, गुरुवारी ती परत येतेय. सव्वादोनला. रिकामी."

"मी जागी राहीन."

"नको राहूस. झोप आली तर झोप. मी परत वाजवायला सांगेन."

फोन ठेवल्यावर फीनाने बटाटा सोलून पुरा केला. मग वुब्बोकडे वळली. तो अजून तिथेच उभा होता, चोरासारखा.

"तू उभा होतास इथे. भोंगा वाजताना."

"होतो."

"मग उठवलं का नाहीस?"

"इतकी छान झोपली होतीस, फीने."

फीनाने त्याच्याकडे बघितलं. हार्मच्या पांघरूण नीट करणाऱ्या हाताची तिला आठवण आली असावी. रागावली नाही. पेन्सिल घेऊन भिंतीवर गुरुवारपुढे सव्वादोन लिहिलं, खाली रेघ ओढली.

"गुरुवारी दोन वाजता मला उठव," ती म्हणाली. "आणि दया-बिया दाखवलीस तर याद राख."